आसावरीचं एक मत

अमेरिकेतल्या ट्रॉय शहराजवळच्या सार्वजनिक रेडिओ स्टेशनात आसावरी देवपुजारी बावीस वर्षं इंजिनिअर होती. प्रक्षेपण बंद पडलं की सगळ्यांना तिची आठवण व्हायची; एरवी ती आहे की नाही, याचा पत्ता नसे.

स्टेशनचा कारभार पाहणाऱ्या बोर्डावर कर्मचाऱ्यांचा एक माणूस हवा, तोही मताधिकारासकट, म्हणून बातमीदार प्रीताने दोन वर्षं पिच्छा पुरवला होता. प्रीता इथेच जन्मलेली, तिशीची, बोलायला तिखट. जागा मिळाली तेव्हा मात्र तिने आसावरीला उभं केलं.

"मावशी, माझं नाव ऐकलं की बोर्डवाले अलर्ट होतात. तुमचं कुणाशीच भांडण नाही."

आसावरी निवडून आली. पहिल्या तीन सभांत ती जेमतेम बोलली. चौथ्या सभेपुढे प्रश्न होता: यंदा दोन बातमीदार घ्यायचे की प्रक्षेपणाचा टॉवर दुरुस्त करायचा? दोन्ही एकदम जमणार नव्हतं. आसावरीने बातमीदारांच्या बाजूने मत द्यावं, असं कर्मचाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं. त्यात चूक काहीच नव्हती. तीन गावांच्या कौन्सिल मीटिंगा प्रीता एकटीच कव्हर करत होती.

सभेच्या आदल्या आठवड्यात टॉवरची तपासणी झाली. वर चढणारा डेल कंत्राटी कामगार, पन्नाशीचा. खाली उतरल्यावर त्याने गंजाचे पापुद्रे आसावरीच्या तळहातावर ठेवले. यंदा बर्फ साचला तर मी पुन्हा वर जाणार नाही, एवढंच म्हणाला.

दोन दिवस तिने विचार केला. मग प्रीताला गाठलं.

"मी टॉवरला मत देणार आहे. आधी तुला सांगते."

"मावशी, त्यासाठी आम्ही तुम्हाला इलेक्ट नव्हतं केलं!"

"डेलही आपलाच ना? कंत्राटी आहे म्हणून त्याला मत नव्हतं, एवढंच."

"पण आम्हाला होतं, आणि ते आम्ही तुम्हाला दिलं," असं म्हणून प्रीता निघून गेली.

सहा विरुद्ध पाच मतांनी टॉवरची दुरुस्ती मंजूर झाली. सहावं मत कुणाचं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आसावरी डबा घेऊन आली की जेवणाच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं.

"राजीनामा दे आणि मोकळी हो," नवरा निहार म्हणाला.

तिने दिला नाही. उरलेल्या वर्षभरात कंत्राटी कामगारांनाही या जागेसाठी मताचा हक्क मिळावा, म्हणून तिने ठराव मांडला. एकदा फेटाळला गेला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. पुढच्या निवडणुकीत ती पुन्हा उभी राहिली आणि प्रीताकडून नऊ मतांनी हरली. कंत्राटी कामगारांपैकी निम्मे मतदानाला फिरकलेच नव्हते. हरल्याचं तिला वाईट वाटलं, आणि आपल्याला इतकं वाईट वाटावं याचं नवलही वाटलं.

उन्हाळ्यात एकदा प्रीताने तिला कॉरिडॉरमध्ये थांबवलं.

"मावशी, एक बातमीदार मिळाला. दोन मागितले होते, पण एक तरी मिळाला!"

"अगं, छान झालं," आसावरी म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं. सगळं पूर्वीसारखं झालं नाही, पण त्या दिवसापासून दोघी पुन्हा बोलू लागल्या.