लाल ठिपका जागच्या जागी होता

काकूंनी मला वाचवलं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढं माझ्या भीतीचंच पुराण होईल आणि त्या राहून जातील. काकू म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्त करतात त्या. नवरा गेल्यावर दुकान विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी विकलं नाही. एकोडी गावात धानावर औषध मारणाऱ्या निम्म्या लोकांच्या पाठीवरचा पंप त्यांच्या हाताखालून गेलेला असतो.

मी इथली नाही. मी मंगळवेढ्याकडची, आठवीत शाळा सोडलेली. नवरा गोसीखुर्द धरणाच्या बाजूला कालव्याच्या कामावर मशीन चालवतो, तिथंच शेडमध्ये राहतो, पंधरा दिवसांनी येतो. शेडमध्ये बायकांची सोय नाही, म्हणून मी एकोडीत बाईंकडं असते. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. त्यांचं जेवणखाण, औषधं मी बघायची आणि मागची खोली मला, असं ठरलेलं. शाळा सोडून पळालेली मी शेवटी बाईंच्याच घरी येऊन पडले, याचं पहिल्या दिवशी हसू आलं होतं. नंतर धाकच वाटत राहिला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला वाटायचं, आता हातावर पट्टी बसणार.

बाईंचा मुलगा पुण्याला. त्यानं आईसाठी न्हाणीघर नवं करून दिलेलं. टाइल्स, गिझर, आणि भिंतीत एकाच दांडीचा नळ. दांडी वर उचलली की शॉवर सुरू, डावीकडं नेली की गरम, उजवीकडं नेली की गार. बाईंना डावं-उजवं लक्षात राहीना, म्हणून जाताना त्यानं मधोमध नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. "आई, दांडी ठिपक्यावर ठेवायची. बस." बाई तसंच करत. दांडी ठिपक्यावर, आणि डोळे मिटून खाली उभ्या.

थंडी लागायच्या सुमारास तो नळ गळायला लागला. दांडी पूर्ण खाली दाबली तरी टप, टप. दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं. पण आमच्या मंगळवेढ्याकडं टँकरचं पाणी. तिथं कुठं थेंब वाजला की आई तान्हं पोर खाली ठेवून उठते. मी बादली लावली. भरली की झाडांना घातली, परत लावली. पोळ्या लाटताना कान तिकडं, कपडे वाळत घालताना कान तिकडं. बाई दुपारी पडल्या की दोन-दोनदा जाऊन दांडी दाबून यायची. शेवटी नळाच्या खाली भिंतीत बसवलेले, पाणी बंद करायचे दोन छोटे कॉक दिसले. उजवा हळूहळू आवळत आणला. थेंब थांबला. कितीतरी दिवसांनी त्या दुपारी मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई किंचाळल्या.

मी धावले. शॉवर वाफा टाकत होता, बाई भिंतीला चिकटून उभ्या, खांदा लालभडक. मी दांडी खाली पाडली, ड्रममधलं गार पाणी तांब्यांनी ओतत राहिले. फोड आले नाहीत. पण बाई भिंत सोडेनात. "ठिपक्यावरच ठेवली होती मी," एवढंच त्या म्हणत राहिल्या. गुरुजींपुढं उभं केलेल्या पोरासारखं.

खरं सांगते, कॉकचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी थेंब थांबवला होता, बाई गरम पाण्यानं भाजल्या होत्या. या दोन गोष्टी मला दोन वेगळ्या गावांतल्या वाटत होत्या.

त्या दिवसापासून बाईंनी न्हाणीघराचा उंबरा ओलांडला नाही. बादलीत पाणी काढून देते म्हटलं तरी नाही. ओल्या टॉवेलनं अंग पुसून घेत. मुलाचा फोन आला, आवाज मोठा होता म्हणून मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "नागपूरचा प्लंबर म्हणतो अख्खा नळ बदला, टाइल्स फोडाव्या लागतील. आत्ता तेवढा खर्च माझ्याच्यानं होत नाही, आई. आणि एकदा भाजलंय, उद्या पडलीस तर? रविवारी येतो. घर बंद करू, तू चल इकडं."

बाई फोन ठेवून कितीतरी वेळ अंगणातल्या पारिजातकाकडं बघत बसल्या. माझी आमटी तळाला लागली. घर बंद म्हणजे माझी खोली बंद. नवऱ्याच्या शेडमध्ये मी कुठं मावणार, आणि गावाकडं कुठल्या तोंडानं जाणार? तो गुरुवार होता. मी भांडी दोनदा घासली, मग पदर खोचून दुकानाकडं निघाले.

दुकानापुढं पंपांची रांग. धानावर तुडतुड्याची कीड पडलेली, सगळ्यांना घाई. मी विचारलं, "काकू, शॉवर बघता का?"

"शावर? अवं, मी पाठीवरचे पंप पाह्यते."

रांगेतला एक जण म्हणाला, "जा नं काकू, न्हाणीतही औषध मारून द्या."

"तुया पंपाचं नाक गळते, अन् तुयंही," काकू म्हणाल्या. "दोघंही थोडं थांबा." माझ्याकडं वळल्या. "काहून वो, एवढी पळत काहून आली?"

मी रविवारचं सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पान्यांची पिशवी उचलली आणि निघाल्या.

न्हाणीघरात त्यांनी आधी काहीच खोललं नाही. दांडी डावीकडं नेऊन हात धरला, चटकन काढला. मग उजवीकडं. बारीक धार. "गार पाणी येऊनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. खाली वाकल्या. उजवा कॉक दोन बोटांनी चाचपला. "हा कोणं आवळला?"

मी दाराकडं बघितलं. बाहेर खाटेवर बाई होत्या.

"मी," मी म्हटलं. "थेंब पडत व्हता, काकू. वाया चाललं व्हतं."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी नाही म्हणून आमच्या बाईले शिजवते काय? इथं गावोगावी तळे आहेत, पोरी." मला रडू यायला लागलं तशी त्यांनी माझ्या हातात पाना दिला. "धर. रडू नको, धर. गरम होतं तेवढंच आलं, त्यात मिसळाले गार नाही. ठिपका जागच्या जागीच होता, पाणी सरकलं."

मग त्यांनी दोन्ही कॉक बंद केले. दांडीवरचं छोटं झाकण नखानं उचकटलं, आतला स्क्रू काढला, दांडी उतरवली. आतून मुठीएवढी प्लास्टिकची डबी निघाली. गरम-गार मिसळतं ते तिच्यात. बोरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिच्यावर असा जमलेला, जसा जुन्या हंड्याला बसतो. खालची रबराची रिंग एका जागी चिरलेली. "हे आहे तुया थेंबाचं कारण," काकू म्हणाल्या. "रोग एक अन् तू इलाज दुसराच केला."

किराणा दुकानातून दहा रुपयांची लिंबूसताची पुडी मी आणली. कोमट पाण्यात ती कालवून डबी त्यात बुडवली. तोवर काकू दुकानात गेल्या, एक पंप करून परत आल्या, येताना फवारणी पंपाच्या सामानातल्या दोन-तीन रिंगा घेऊन. "नव्या आहेत, औषध लागलेल्या नाही. नाहीतर म्हणशील, बाईवर फवारणी केली." दुसरी रिंग बरोबर बसली. क्षार जुन्या टूथब्रशनं घासला. सगळं परत जोडलं, दोन्ही कॉक पूर्ण उघडले, दांडी खाली. आम्ही दोघी टक लावून नळाच्या तोंडाकडं बघत उभ्या. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. थेंब नाही.

काकूंनी दांडी ठिपक्यावर आणून शॉवर सोडला आणि आधी हात, मग कोपर, मग मान खाली घातली. कोमट पाणी त्यांच्या पांढऱ्या केसांवरून गेलं. "असं पाणी पडते डोक्यावर," त्या म्हणाल्या, "तं बाईले झोपच लागत असन."

"करा की अंघोळ. टॉवेल देते."

"हट्. तिकडं पंप उभे आहेत." त्यांनी पदरानं डोकं पुसलं. पैसे रिंगेचेच घेतले. "मजुरी कायची? नळ माया धंदा नाही."

बाहेर बाईंनी विचारलं, काय झालं होतं. "रबर गेलं होतं, बाई," काकू म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. जाताना माझ्याकडं एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरल्या.

पुढचं माझ्यावर सोडून गेल्या, हे मला कळत होतं. मी अंगण झाडलं. झाडलेलं परत झाडलं. शेवटी खाटेच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. कॉक मी आवळला, तुमचा खांदा माझ्यामुळं भाजला.

बाईंनी खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे दांडी ठिपक्यावरच ठेवली होती मी."

"व्हय बाई."

"मी चुकले नव्हते."

"न्हाई."

त्यांनी सुस्कारा सोडला, तो सुटकेचा होता की रागाचा, मला अजून माहीत नाही. उशाखालून चिकटपट्टी आणि पेन काढलं. "लिही. एकावर गरम, एकावर थंड. अन् खाली, दोन्ही पूर्ण उघडे ठेवावेत." कितीतरी वर्षांनी मी कुणाच्या सांगण्यावरून काही लिहिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, एक अक्षर परत काढायला लावलं, आणि पट्ट्या मी कॉकवर चिकटवल्या. "आता आधी तू हात धर," बाई दारातून म्हणाल्या. मी धारेखाली हात धरून उभी राहिले. त्या उंबऱ्यावर थांबल्या. मग आत आल्या.

रविवारी मुलगा आला, स्वतः त्या शॉवरखाली अंघोळ करून बघितली. बाई म्हणाल्या, "मी इथंच आहे." तो संध्याकाळी एकटाच परत गेला.

मी अजून रोज सकाळी बाईंच्या आधी जाऊन धारेखाली हात धरते. रात्रीतून पाणी परत सरकलं असेल असं वाटतं. कालव्याचं काम कधी संपेल, आम्हाला पुढं कुठं जावं लागेल, काही ठाऊक नाही. पण कुठंतरी कधीतरी माझं स्वतःचं न्हाणीघर होईल, पत्र्याचं का असेना. त्यात असा नळ बसवीन. काकूंना घ्यायला मी स्वतः एकोडीला येईन, कितीही लांब असलं तरी. त्या नळाची पहिली अंघोळ त्यांची, आणि तोवर मी ती दांडी उचलणार नाही.