पेचकसाची मूठ
जानेफळचा आमचा मोटर-मेकॅनिक पेचकसाचं टोक चालू मोटरीवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि बेअरिंग गेली की नाही ते सांगतो. शेतकऱ्यांना दटावतो, "आवाज बदलला का बंद कर बे, जळायची वाट काऊन पाहून राह्यला?"

त्याची बायको वारली, तरी त्यानं चौथ्या दिवशी दुकान उघडलं. महिन्याभरात दोन पायऱ्या चढला की छाती धरायला लागला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, "मले काही नाही होत, भाऊ."

काल मीच पेचकस उचलला. टोक त्याच्या छातीला, मूठ माझ्या कानाला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"भाभी गेल्यापासून आवाज बदलला, भाई," मी खोटंच म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि त्यानं भर दुपारी शटर खाली ओढलं.