चार वितींचा होज पाइप

लोक त्यांना वीतवाले मिस्त्री म्हणायचे. चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या, पण गॅरेजमध्ये टेप म्हणून कधी आला नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणला की नऊ इंच, न कमी न जास्त. समोरचा स्पेअर पार्टवाला म्हणायचा, ‘‘मिस्त्रींचा पंजा सरकारने शिक्का मारून ठेवायला हवा.’’

आज लेकीची गाडी होती. घाटापलीकडच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि दहाला निघायचं होतं. तिला पेलेल असं बुटकं हँडल त्यांनी कालच बसवलं. आता जुना होज पाइप, ब्रेकचं तेल खाली नेणारा, लांब पडत होता. मिस्त्रींनी वरपासून खालपर्यंत विती टाकल्या. चार. म्हणजे छत्तीस इंच.

छत्तीसचा पाइप आला, बसला आणि लोंबला. पुढचा भाग दाबला की त्याचा फुगवटा चाकाला घासत होता.

‘‘पाकिटावर खोटं छापतात हल्ली,’’ मिस्त्री रस्त्यापलीकडे ओरडले.

‘‘तर! तुमच्यासाठी खास छापलं,’’ पार्टवाला म्हणाला आणि त्याने टेप आणून पाइपाला लावला. छत्तीस. बरोब्बर.

मिस्त्रींनी पुन्हा विती टाकल्या. पुन्हा चारच. मग लांब कोण झालं? गाडी आखडली की काय?

लेक बघत होती. तिने टेप घेतला. ‘‘बाबा, हात द्या बघू.’’

‘‘हाताला काय झालंय?’’

तिने करंगळी धरून ताणली. सांधा दुखला. बोट काही पुरतं उघडेना. टेपवर आठ.

‘‘आठ?’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘नीट धर.’’

‘‘नीटच धरलंय.’’

ते पंज्याकडे पाहत राहिले, कुणा परक्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखे. हा कधी आखडला? काल? दिवाळखोरी एका रात्रीत जाहीर होते, तसं काही इथे झालं नव्हतं. रोज पाना धरत होता, रोज घास उचलत होता. मधल्या काळात किती गाड्यांचे पाइप मापले, कुणाचं चाक घासतंय, काहीच आठवेना.

‘‘बत्तीसचा आण,’’ ते पार्टवाल्याला म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.

बत्तीसचा बसला. तेल भरलं, पाइपात अडकलेली हवा काढली. हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. पाइप ताणला गेला नाही, घासलाही नाही. लेकीने हेल्मेट चढवलं. ‘‘जाऊ?’’

एरवी ‘जा’ म्हणायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. आज तो शब्द कशाच्या जोरावर म्हणायचा, ते कळेना.

‘‘कोपऱ्यापर्यंत जा. जोरात ब्रेक दाब. परत ये.’’

ती गेली, आली. ‘‘लागतो की.’’

‘‘पुन्हा जा.’’

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. पार्टवाला हसला, ‘‘अहो, पोरीला नोकरीला पाठवताय की वरातीला?’’

‘‘आणखी एकदा,’’ मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्यांदा कोपऱ्यावर ब्रेकचा लाल दिवा लागला, गाडी थांबली. लेकीने मागे न बघता हात हलवला आणि ती वळून घाटाकडे निघून गेली. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. चिडावं की हात हलवावा, तेच त्यांना ठरवता येईना.