विहिरीकाठची बाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शुभाला, माझ्या धाकट्या बहिणीला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

तो सिनेमा भिकार होता. परदेशात बक्षिसं मिळालेली, पेपरांत रकाने भरून कौतुक — आणि पडद्यावर काय, तर एक बाई विहिरीत वाकून बघतेय. बघतेच आहे. मधेच एक शेळी. पुन्हा बाई. मी जांभया गिळत बसले होते. शहरातल्या फिल्म क्लबची मी जुनी सभासद, जांभई द्यायची सोय होती कुठं? आसपास सगळे हनुवटीला हात लावून गंभीर. निम्म्यांचे डोळे मिटलेले, पण झोपलोय असं कोण कबूल करणार?

त्या दुपारी शुभासोबत प्रशांत आला होता. बजाजनगरचा, कंपनीत सुपरवायझर. दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. शुभाच म्हणाली होती, ताई, तुझ्या लोकांत त्याला एकदा ने ना.

सिनेमा संपल्यावर चर्चा. कुणी शांततेवर बोललं, कुणी पोकळीवर. मग कुणीतरी नव्या पाहुण्याचं मत विचारलं. प्रशांत उभा राहिला. म्हणाला, "मला लई कंटाळा आला. त्या बाईला काय पाहिजे तेच कळंना. काढणाऱ्याला तरी ठाऊक होतं का?"

शुभा खुदकन हसली. दोघाचौघांनी माझ्याकडं पाहिलं — हा तुमच्याकडचा? माझ्याच मनातलं तो बोलला होता. आणि मी काय केलं? उठले आणि त्या विहिरीवर बोलले. स्त्रीचं अंतरंग, काळाची खोली — तोंडाला येईल ते. टाळ्या पडल्या. अशी टाकाऊ माणसं आम्ही. त्यांत सगळ्यात टाकाऊ मी, कारण बोलताना मला ते कळत होतं.

इथवरचं सांगायला सोपं आहे. पुढचं —

घरी वडिलांनी विचारलं, कसा वाटला मुलगा? सिनेमा आवडला नाही त्याला, एवढंच सांगितलं असतं तर अण्णा हसले असते. मला ते पुरणार नव्हतं. असा माणूस जन्मभर आमच्या घरात वावरणार, जेवायला माझ्यासमोर बसणार — ते मला नको होतं. मी म्हणाले, "अण्णा, तो पिऊन आला होता. वास येत होता. भर सभेत काहीबाही बरळला."

तो थेंबभरही प्यायला नव्हता.

अण्णांनी नकार कळवला. कारण फक्त शुभाला सांगितलं. शुभानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, मी तर त्याच्या शेजारीच बसले होते. मला कसा नाय आला वास?"

"तुला तो आवडतो," मी म्हणाले. "तुला कसा येईल?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग परात ओढून कणीक मळायला लागली. पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता तिचा.

पुढं तिला परभणीला दिली. तिची लेक आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात दोघी माझ्याकडं आल्या होत्या, आणि शुभा लेकीला माझ्यादेखत सांगत होती, "उद्या कुणी आवडला तर आधी मावशीला दाखव. तिला माणूस बरोबर कळतो."

पोरगी लाजून हसली.

"आण की एकदा," मी म्हणाले.