ब्रेकपॉइंटवर थांबलेलं दार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा आणायला उठणारा माणूस. आमच्या बौद्ध घरात नवस, अंगारा यांना थारा नव्हता. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

शेंद्र्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. शीतगृहांच्या दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवतो. कुलपाच्या चिपमध्ये दोन मोठे प्रोसेसर आणि एक चिमुकला कोप्रोसेसर — मोठे झोपले तरी हा जागा राहतो. आत अडकलेल्याने बटण दाबलं की दार उघडणं त्याचं काम. त्या सकाळी मी त्याचं डिबगिंग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणं, करत होतो. बटण दाबताच चिप प्रोग्रामच्या एका ओळीवर थांबेल असा ब्रेकपॉइंट टाकला. मी आमच्या चाचणीच्या कोल्डरूममध्ये जाऊन बटण दाबायचं, बाहेर लॅपटॉपवर माझा सहकारी इम्रानने बघून चिप पुढे सोडायची, मग दार उघडणार.

दिवस खंडेनवमीचा. साहेबांनी यंत्रपूजेला ढोलपथक आणलं होतं. यंत्रांना कमी ऐकू येतं असा समज असावा.

बटण दाबलं. दार बंदच.

"इम्रान, सोड की रे!"

उत्तराला ढोल. लाथा मारल्या, ओरडलो. मोबाइल बाहेर टेबलावर. पुन्हा बटण दाबून उपयोग नव्हता — ते ऐकणाऱ्याला मीच थांबवून ठेवलं होतं. बोटं बधिर झाली. मग थंडी वाजायचीच थांबली... तेव्हा मात्र घाबरलो.

आणि खट्ट! दार उघडलं.

बाहेर चिटपाखरू नाही. लॅपटॉपवर तिन्ही प्रोसेसर थांबलेले, कोप्रोसेसर त्याच ओळीवर. कडी सोडणारी ओळ त्याच्या पुढची. ती चाललीच नव्हती. वीज गेली की कडी आपोआप सुटते, पण वीजही गेली नव्हती.

इम्रान पेढा चघळत आला. "अरे मियाँ, तू अंदर था? साहेब बोलले, आरती होईस्तोवर यंत्राला हात लावायचा नाय. मला वाटलं, तू आधीच पळाला पेढ्याला!"

"दार कुणी उघडलं?"

"सगळे तर तिकडंच होते..." त्याचा पेढा तोंडातच राहिला.

साहेब म्हणाले, "बघा, पूजेचं फळ!" मी कोंडला गेलो तेही पूजेचंच फळ होतं, हे मी बोललो नाही.

पुढे तीच मांडणी कितीदा तरी करून पाहिली, स्वतः बाहेर उभं राहून. दार एकदाही उघडलं नाही. दर वेळी कुणीतरी लॅपटॉपवरून सोडावं लागलं.

लोक विचारतात, आपोआप दार उघडल्याची भीती नाही वाटली? नाही. माझ्या सगळ्या हिशेबानं ते दार अजून बंद आहे, आणि मी आत आहे.