शिसवाच्या ठोकळ्याला लावलेलं विरजण

आबांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी लाकूड कातायचं लेथ विकायचं ठरवलं. शहापूरच्या बाजारामागे आमची पत्र्याची शेड होती. तिथे आबा, म्हणजे माझे वडील, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी, रव्या कातायचे आणि मी त्यांना लाख लावून चकाकी आणायचे. लग्न होऊन मी दोन आळ्या सोडून नांदत होते, पण दुपार झाली की पाय शेडकडेच वळायचे. आबा चहाला गेले की पटाशी माझ्या हातात. त्या वर्षीची निम्मी लाटणी मीच कातलेली होती आणि आबांना ते पक्कं ठाऊक होतं. तरीही मुरबाडचा एक जण लेथ बघून गेला, म्हशाची बैलांची जत्रा झाली की टेम्पो घेऊन येतो म्हणाला, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. "मी चालवीन ना! मी काय नुसती रंग लावायला हाय?"

"चांगलं लाकूड कोनपन कातंल गो," आबा म्हणाले. "ह्यो कातून दाव. निगाला धड, तर मशीन तुजं. नाय तर नाय." आणि पायानं त्यांनी शिसवाचा एक ठोकळा माझ्याकडे लोटला.

तो चुलीसाठी बाजूला टाकलेला होता. भुंग्यानं पोखरलेला, मधे मूठ जाईल एवढी पोकळी, एका अंगाला लांब चीर. मला कळलं, ही आबांची नाही म्हणायची रीत. राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. शेत सासऱ्यांचं, चूल सासूबाईंची. त्या लेथपुढे उभी राहिले की तेवढा वेळ मी कोणाची सून नसायचे की कोणाची लेक. ते गेलं तर माझं म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

हायवेला जीपचे फायबरचे बंपर जोडणारा एक कारागीर होता. मधासारखं रेझिन घ्यायचा, त्यात हार्डनर मिसळायचा, आणि बघता बघता ते दगडासारखं घट्ट व्हायचं. त्यानं एकदा जीपची कुजकी फळी तशी भरलेली मी पाहिली होती. मी ठोकळा पिशवीत घालून त्याच्याकडे गेले.

"भरंल की ताई," तो म्हणाला. "पन मी पातळ थर देतो. एवढं जाड कदी ओतलं नाय."

"हार्डनर किती घालायचं?"

"थोडंसं. थंडीत जरा जास्ती."

हे ऐकलं आणि मी निर्धास्त झाले. थोडंसं घालायचं, थंडीत जरा जास्त, नीट ढवळायचं, मग हात लावायचा नाही. अहो, हे तर विरजण! त्यात मला कोण शिकवणार? शेडवर येऊन ठोकळा पत्र्याच्या डब्यात उभा केला, चिरेला बाहेरून मेण लावलं आणि त्याच्याकडून आणलेलं रेझिन एकदमच ओतलं. बाहेर गारठा होता म्हणून हार्डनर सढळ हातानं घातलं. दह्याला लागते तशी ऊब हवी म्हणून डब्याला पोतं गुंडाळलं आणि शेडच्या कोपऱ्यात पेंढ्यात बसवला.

थोड्याच वेळात घशात जाऊन बसणारा वास आला. वळून बघते तर पोत्यातून धूर. शेजारी पेंढा, वर लाकडाचा भुसा! मी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणात भिरकावला. तळवे भाजले. घट्ट होता होता रेझिन आपणच तापलं होतं आणि डब्यात तडकून पिवळं पडलं होतं. आबा दारात येऊन डब्याला गुंडाळलेल्या पोत्याकडे बघत राहिले.

"दही लागलं काय गो?"

मी मोरीवर जाऊन हातांवर पाणी ओतत रडले.

दुसऱ्या दिवशी तडकलेलं सगळं ठोकून काढलं. या वेळी कारागिराचंच ऐकलं. पातळ थर, बेतानं हार्डनर, डबा उघडा, आणि एक थर गार झाल्याशिवाय दुसरा नाही. तिकडे म्हशाला बैल निघाले. रस्त्यावर घुंगरं वाजली की मी बोटांवर दिवस मोजायचे, कारण टेम्पो जवळ येत होता.

शेवटी ठोकळा लेथवर चढवला. पट्टा सर्वांत कमी वेगावर घेतला, पदर खोचला आणि एका बाजूला उभी राहिले. पटाशी लावली तसा आधी शिसवाचा काळपट भुसा उडाला, मग रेझिनचा पांढरा. ठोकळा गोल होत चालला. तेवढ्यात आबा नीट दिसावं म्हणून पुढे आले आणि अगदी ठोकळ्यासमोर वाकले.

आवाज बदलला. टक, टक.

"आबा, मागं व्हा."

ते हलले नाहीत. वडिलांशी मी कधी वर तोंड करून बोलले नव्हते.

"सरा म्हणते ना! बाजूला व्हा!"

ते दचकून सरले. रेझिनचा गोळा ठोकळ्यातून सुटला आणि जिथं त्यांचं डोकं होतं त्यामागच्या पत्र्यावर जाऊन आदळला. मी लेथ बंद केलं. पत्र्याला खोल पोचा पडला होता. आबा वाचले याचं बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी लेथ गेलं म्हणून जीव तुटत होता.

आबांनी गोळा उचलला, उलटा केला. मागे ओलसर भुसा चिकटलेला होता.

"लाकूड आतून ओलं हुतं," ते म्हणाले. "धरलं नाय." एवढं बोलून ते निघून गेले.

एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी मुरबाडला फोन करून सौदा मोडल्याचं मला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी टेम्पोच्या धास्तीनंच शेडवर गेले. तिथे एक म्हातारी आबांना विचारत होती, नातीच्या पाळण्याचे खांब कधी मिळतील. आबा पटाशीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला काय इचारतेस? लाकडाचा आवाज तिला कळतो. मशीन तिचं हाय, तिला इचार."

म्हातारी माझ्याकडे वळली. मी आबांकडेच बघत राहिले. पण गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून म्हटलं, "लाकूड वाळू दे आजी, मग सांगते."