हलगी थांबेपर्यंत

नव्वद सालानंतरची गोष्ट. उंब्रजकडच्या एका जत्रेत माझा धाकटा भाऊ कुस्ती खेळताना डोक्यावर आपटला. कुस्ती अर्धवटच सुटली, त्याला तसाच उचलून सांगलीच्या दवाखान्यात नेला. घरी आला तो उजवं अंग लुळं होऊन, आणि मुका. आमचं बोलणं सगळं कळायचं, पण शब्द फुटायचा नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "ठेक्यावर पाऊल टाक." हा ढिम्म! "याला कसला ठेका आवडतो?" त्यांनी विचारलं. "हलगीचा," मी म्हणालो. "मग हलगीच वाजवा."

तालमीसमोर त्याला धरून उभा केला, हलगीवाले मामा वाजवायला लागले आणि, काय सांगू, त्याचा पाय उचलला! भिंतीपर्यंत चालला. आईला रडू आवरेना. तेवढ्यात त्यानं डाव्या हातानं शड्डू ठोकला, माझी मानगूट धरली आणि माझं थोबाड भिंतीवर आदळलं. नाकातनं भळाभळा रक्त. "आवं, बंद करा ती हलगी!" आई किंचाळली. हलगी थांबली तसा तो पोत्यासारखा कोसळला.

मग रोज तेच. हलगी वाजली की चालायचा, चालला की मला धरायचा. माझा दात पडला, बरगडी मोडली. मीही काही संत नाही. एकदा असा ठोसा हाणला की त्याची भुवई फुटली. बाई म्हणाल्या, "बंद करा हे. कुणाचा तरी जीव जाईल." बंद केलं असतं तर तो जन्मभर खाटेवर. मी ऐकलं नाही.

एके दिवशी त्यानं माझा गळाच आवळला. त्याच्या डोळ्यांत मी नव्हतोच, जत्रेत त्याच्याशी लढलेला गडी होता. ती कुस्ती निकाली झालीच नव्हती, हा रोज तीच खेळत होता. माझी पाठ कुठल्याच मैदानात मातीला लागली नव्हती, त्याचा मला लय माज. आग लागो त्या माजाला! मी अंग सोडलं आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले.

पाठ लागलेली बघून मामांनी, मैदानात कुस्ती निकाली झाली की थांबवतात तशी, हलगी थांबवली.

या वेळी तो कोसळला नाही. धापा टाकत उभा राहिला आणि मला उठवायला हात पुढं केला. ओठ वेडेवाकडे झाले. "ऊ...ठ. दा...दा."

तोंडातलं रक्त थुंकून मी बोंबललो, "परत म्हण की रं, गाढवा! परत म्हण!"